ट्रकचे ब्रेक खरंच ‘फेल’ होतात का?

नऱ्हेवाली
सहा वर्षं रोज सकाळी आणि संध्याकाळी पुण्यातल्या नवले पुलाखालून स्कूटरने जातेय. आधी या रस्त्यावर भीती वाटायची ती खड्ड्यांची. आता आरशाची वाटते.

परवा संध्याकाळी भूमकर चौकाच्या थोडं अलीकडे एक भला मोठा कंटेनर इतक्या जवळून गेला की स्कूटर हलली. विशेष म्हणजे तो येताना मला कळलाच नाही. हॉर्न नाही, इंजिनाची घरघर नाही, काही नाही. पुढे रहदारी तुंबलेली दिसल्यावर त्याने ब्रेक दाबले, आणि जळक्या रबरासारखा असा वास आला की मला ओढणी नाकाला लावावी लागली. थांबला तो. कसाबसा, पुढच्या रिक्षापासून हातभर अंतरावर.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका टँकरने पन्नासेक गाड्यांचा चुराडा केला, तेव्हा पेपरात आलं ‘ब्रेक निकामी’. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनरने गाड्या चिरडल्या, आग लागली, ८ जण गेले. पुन्हा ‘ब्रेक निकामी’. मधल्या किती अपघातांना हेच कारण दिलं गेलं त्याची गणती नाही. माझा प्रश्न अगदी साधा आहे, गाड्यांमधलं कळणाऱ्यांनी सांगा. देशभर धावणाऱ्या गाड्यांचे ब्रेक नेमके कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल एवढ्याच पट्ट्यात कसे काय फेल होतात?

चहाबाज
बसलो कोपऱ्यात चहा घेऊन. धागा शंभरी गाठणार.

पुण्याचा_पक्का
ब्रेकबिक काही नाही हो. दारू पिऊन चालवतात सगळे. दोघातिघांना भर चौकात फटके द्या, आठ दिवसांत सुतासारखे सरळ होतील.

सोळाटायर
@पुण्याचा_पक्का, माझ्या चार गाड्या आहेत, दोन सोळा टायर आणि दोन बारा टायर. माझा एक ड्रायव्हर माळकरी आहे, चहासुद्धा घेत नाही. आणि चौकात फटके तुम्ही सांगायच्या आधीच मिळतात. चूक कुणाचीही असो, जमाव मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरलाच खाली ओढतो. म्हणून तो पळतो. जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध संप झाला होता, आठवतो? पेट्रोल पंपावर तुमच्याच रांगा लागल्या होत्या. पळून गेलं तर १० वर्षं आणि थांबलं तर जमाव. त्याने करावं काय? ते कलम सरकारने तेव्हा बाजूला ठेवलं ते उगाच नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणजे रस्त्याचा उतारच चुकीचा आहे. जाणकारांना विचारा.

लालपरीवाला
नमस्कार मंडळी. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, आता निवृत्त. नातवाने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहितोय, टायपिंगही तोच करतोय.

ताईंनी लिहिलेली एक गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. गाडी आली आणि आवाज आला नाही. माझ्या मते सगळं त्यात आलं. गिअरमध्ये उतरणारी गाडी ओरडते. इंजिन गाडीला मागे खेचत असतं, त्याचा घूं घूं आवाज अर्ध्या फर्लांगावरून ऐकू येतो. गाडी गपचूप खाली येत असेल तर ती न्यूट्रल आहे, नाहीतर पार बंद करून सोडलेली आहे. फक्त टायरचा सळसळाट येतो.

आम्हाला उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. खंबाटकी, पसरणी, आंबेनळी, सगळीकडे हेच. ब्रेकला पाय लावायचा तो काढून घेण्यासाठी, ठेवून देण्यासाठी नाही. पाय ठेवून दिला की ब्रेकचे लायनर तापले, लायनर तापले की पेडल दाबून उपयोग नाही, आणि मग आई भवानीच तारणार.

नऱ्हेवाली
काका, अंगावर काटा आला. पण न्यूट्रल का करतात? एवढं साधं असेल तर त्यांना कळत नाही का?

लालपरीवाला
कळतं की. डिझेल वाचतं म्हणून करतात.

नटबोल्ट
काकांना सलाम. त्यांनी सांगितलेलं जरा आकड्यात मांडतो, मी वाहन उद्योगातच आहे.

भरलेली गाडी ४० टन धरा. ती १०० मीटर उंचीवरून खाली उतरली की जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात शंभरावर लिटर गार पाणी उकळेल. गिअरमध्ये असाल तर त्यातला मोठा वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये असाल तर वाऱ्याचा आणि टायरांचा वाटा सोडून बाकी सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्ये. ड्रम तापतो, फुगतो, लायनरची पकड जाते. पेडल दाबलं जातं, हवा पोचते, लायनर लावलेले ब्रेक-शू ड्रमला घासतात, गाडी मात्र थांबत नाही. याला ड्रायव्हर म्हणतो ‘ब्रेक फेल’. तो खोटं बोलत नाही, त्याच्या पायाला तसंच जाणवतं. गंमत अशी की तासाभराने ब्रेक गार झाले की तपासणीत ठणठणीत लागू शकतात.

आणखी एक. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. इंजिन बंद केलं की टाकीत आहे तेवढ्याच हवेवर सगळा खेळ, आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. बरं, हवा पूर्ण गेली तर मागच्या चाकांचे स्प्रिंगवाले ब्रेक आपोआप आवळले जातात, सुटत नाहीत. म्हणजे हवा संपल्याने गाडी मोकाट सुटली ही कथा नव्या गाड्यांना फारशी लागू पडत नाही.

आता सगळ्यात कडू विनोद. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गिअरमध्ये उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं डिझेल लागतंच. म्हणजे न्यूट्रल करून डिझेल वाचत नाहीच, उलट थोडं जास्त जळतं. वाचतं ते फक्त चावी फिरवून बंद केल्यावर. आणि नेमकं तेच सर्वांत जिवावरचं.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे आठ माणसं गेली ती लिटरभर डिझेलसाठी?

नटबोल्ट
त्या अपघाताचं मी बोलत नाहीये, त्याचा तपास करणारे बघतील. सर्वसाधारण सवयीबद्दल लिहितोय.

सांगलीकर
आमच्याकडं या, नवले पूल बरा म्हणाल. इकडं हंगामात उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, माल दुप्पट, मागं रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, आणि स्पीकरवर गाणी एवढी मोठ्यानं की मागनं बोंबललं तरी ऐकू जायचं नाही. भरधाव काय जात नाहीत, पण रात्री काळ्याकुट्ट ढिगाऱ्यासारख्या उभ्या असतात रस्त्यात. आमच्या चुलतभावाची मोटारसायकल तशीच खाली गेली. पाय वाचला, एवढंच.

आणि वाळूचे डंपर. ते तर रात्री एक ते पाच. नंबर प्लेटला चिखल फासलेला. खेपेवर पैसे मिळतात, उजाडायच्या आत जेवढ्या खेपा तेवढी कमाई. त्याला कुठला गिअर आणि कुठला ब्रेक.

मीनल_ह
हिंजवडीत राहते. आमच्याकडे डंपरऐवजी काँक्रीटचे मिक्सर. मिक्सरला सबब तयार असते, माल सेट होईल. ठराविक वेळेत ओतायचाच. जड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी आहे, तरी सकाळी नऊला सोसायटीच्या गेटसमोर मिक्सर असतोच.

चहाबाज
अवांतर: मागच्या आठवड्यात एका डंपरच्या मागे वाचलं, ‘बघतोस काय रागानं, ओव्हरटेक केलंय वाघानं’. खाली बारीक अक्षरात: ‘वाहन सावकाश चालवा’. वाघ स्वतःला सांगत होता की मला, कळलं नाही.

खमंग_पोहे
अवांतरावर अवांतर: ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे हे किती जणांना माहीत आहे? लोकांना उगाच हॉर्न वाजवायला उद्युक्त करतं म्हणून. बंदीनंतरही मी ते न लिहिलेला ट्रक शोधतोय. सापडला की फोटो टाकतो.

पुण्याचा_पक्का
मूळ विषयावर या. कायदा कडक नाही म्हणून हे सगळं.

काळा_कोट
कायदा आहे, भाऊ. वाचतो कोण?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३. वेगमर्यादा मोडल्याबद्दल जड वाहनाला २ ते ४ हजार दंड, ही २०१९ ची दुरुस्ती. हे सगळ्यांना माहीत असतं. पण कलम नीट वाचलं तर दंड चालवणाऱ्याला आहे तसाच, आपल्या नोकराला तसं चालवायला लावणाऱ्यालाही आहे. पुढे त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे. अमुक वेळात पोचलंच पाहिजे असं वेळापत्रक किंवा तोंडी फर्मान कुणी दिलं, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय ते शक्यच नव्हतं असं कोर्टाचं मत झालं, तर ते फर्मान हाच फर्मान काढणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा. १९८८ पासून हे पुस्तकात आहे. माझ्या १९ वर्षांच्या वकिलीत ते कुणाला लावलेलं मी पाहिलेलं नाही.

ओव्हरलोडचंही तसंच. कलम १९४, २० हजार अधिक प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि तेही चालवणाऱ्याबरोबर चालवू देणाऱ्यालाही. अपघात झाल्यावर मात्र एफआयआरमध्ये नाव एकाचंच येतं.

सोळाटायर
वकीलसाहेब, आता माझ्याकडे बोट दाखवलंत म्हणून सांगतो. फर्मान मी काढत नाही हो. माल देणारी कंपनी काढते. अमुक वाजेपर्यंत गेटवर गाडी लागली नाही तर भाड्यातून कापतात. माझ्याच एका गाडीला गेल्या वर्षी चार तास उशीर झाला, कारण एक्सप्रेस वेवर जाम. दोन दिवस गेटबाहेर उभी केली गाडी, वर दंड माझ्याच बिलातून. आधी त्यांना धरा.

काळा_कोट
कलमात ‘मालकच’ असं कुठे म्हटलेलं नाही. फर्मान देणारा कोणीही. धरू या की.

लालपरीवाला
सोळाटायर साहेब, राग मानू नका, एक विचारतो. तुम्ही ड्रायव्हरला डिझेल कसं देता? किलोमीटरला ठरवून देता ना? वाचलं तर कोणाचं?

सोळाटायर
…

ठरवून देतो. वाचलं तर त्याचं. सगळेच तसं देतात काका. नाही दिलं तर डिझेल चोरीला जातं.

उंटावरचा_शहाणा
सापडलं! ब्रेक इथे फेल झालाय.

सोळाटायर
हसा. पण एसी ऑफिसात बसून हसा. त्या माणसाला चेन्नईहून निघून आठवा दिवस असतो. केबिनमध्ये उन्हाळ्यात बूट चिकटतात. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली, जुन्यांचं काय? पूर्वी दोघे ड्रायव्हर असायचे, किंवा निदान एक शिकाऊ किन्नर, म्हणजे क्लीनर. आता किन्नर मिळत नाही. एकटाच चालवतो, एकटाच ताडपत्री बांधतो, एकटाच झोपतो, आणि डिझेल कोणी काढू नये म्हणून झोपतही नाही.

टेम्सकाठी
मी नाशिकची, गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये. माझा नवरा इथे लॉरी चालवतो. (हो, इंजिनियर होता, आता लॉरी चालवतो आणि खूश आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.)

इथे गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं. ते ड्रायव्हरच्या कार्डावर मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा फार तर १०. घरापासून वीस मिनिटांवर असला आणि तास संपले तर नवरा तिथेच गाडी लावून झोपतो. मी फोनवर चिडते, तो म्हणतो कार्ड चिडतं त्यापेक्षा तू बरी. वेगही यंत्रानेच बांधलेला, ताशी ९० किलोमीटरच्या वर मोठी गाडी जातच नाही. तीन मार्गिकांच्या मोटरवेवर सगळ्यात उजवीकडची मार्गिका त्यांना बंद.

तिथे साधू राहतात असं नाही. पण दमलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायला काहीतरी कारण लागतं, ते यंत्र देतं.

काळा_कोट
आपल्याकडे २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. टॅकोग्राफ तेवढा तेव्हाही नव्हता, आताही नाही, म्हणून मोजणारं कोणी नाही.

नटबोल्ट
आणि मालवाहू गाड्यांना ताशी ८० वर बांधणारा स्पीड गव्हर्नर आपल्याकडेही सक्तीचा आहे. दोन अडचणी. एक, पासिंगनंतर त्याची वायर काढणारे मिस्त्री. दोन, तो इंजिनाला आवरतो. न्यूट्रल केलेल्या गाडीला उतार ढकलतोय, इंजिन नव्हे, मग गव्हर्नर बिचारा काय करणार? शिवाय ४० ऐवजी ८० ने गाडी आली की ब्रेकला जिरवावी लागणारी गतीची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. हे मी प्रत्येक धाग्यात लिहितो, तरी लिहितो.

घाटमाथा
सगळं मान्य, पण रस्त्याला इतकं सहज सोडू नका. बोगद्यातून बाहेर पडल्यापासून दरी पूल, मग स्वामीनारायण मंदिर, मग नवले पूल, सलग उतार आणि शेवटी शहराची गर्दी. सर्व्हिस रोड तुटक, त्यामुळे स्कूटरवाले नाइलाजाने हायवेवर येतात. खंबाटकीचा बोगदा उतरून पुण्याकडे येताना इंग्रजी एस आकाराचं वळण लागतं, तिथेही हीच कहाणी. एप्रिल २०१८ मध्ये तिथे मजुरांचा टेम्पो कठड्यावर आदळून १८ जण गेले. माणूस चुकणारच, ते धरून रस्ता बांधायला हवा.

मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर २०१६ साली १५१ मृत्यू झाले होते. त्यानंतर एका संस्थेने रस्ते महामंडळाबरोबर एकेक जागा घेऊन काम केलं, उघडे खांब-कठडे झाकले, उभ्या गाड्या हटवल्या. २०२० पर्यंत आकडा निम्म्याच्या खाली आला.

पुण्याचा_पक्का
२०२० मध्ये लॉकडाऊन होता साहेब. रस्त्यावर होतं कोण?

घाटमाथा
मुद्दा बरोबर, ते वर्ष उदाहरणाला घ्यायला नको होतं. पण मधल्या तीन वर्षांतही आकडा २०१६ पेक्षा बराच कमी होता.

खमंग_पोहे
पुण्याचा_पक्का यांचा पहिला मुद्देसूद प्रतिसाद. धाग्याचं सार्थक झालं.

मीनल_ह
त्या एक्सप्रेस वेवर आता कॅमेरे लागलेत ना? बोरघाटात तर वेगाची मर्यादा आणखी कमी आहे. आमचे हे कॅमेऱ्याच्या कमानीजवळ आले की ब्रेक मारतात आणि कमान गेली की पुन्हा शंभर. वीस वर्षं बाजूला बसून मी नुसती धरून बसते.

नटबोल्ट
त्यांना सांगा, दोन जागांमधला सरासरी वेगही मोजता येतो. घरी एक चलन येऊ द्या, धरून बसावं लागणार नाही.

सांगलीकर
ट्रकला शिव्या देताना आपल्या कारवाल्यांचंबी बघा की. भरलेल्या गाडीच्या पुढं कट मारून ब्रेक दाबतात. चाळीस टन हाय ते, सायकल न्हवं.

लालपरीवाला
हे शंभर टक्के. मोठ्या गाडीच्या नाकासमोर आणि डाव्या बाजूला चिकटून कधी राहू नये. तुम्हाला ड्रायव्हरचा आरसा दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. ताई, तुम्ही स्कूटरवर असता म्हणून सांगतो, उतारावर मागून जळका वास आला की मागे वळून बघत बसू नका, सरळ डावीकडे, रस्ता सोडून. अब्रू गेली तरी चालेल. ड्रायव्हरला वास आपल्या आधी कळत नाही, तो पुढे बसलेला असतो, वास मागे.

नऱ्हेवाली
सगळ्यांचे आभार. तक्रार कुठे करायची हेही कुणी सांगा ना. परवा नंबर घेतला होता मी.

काळा_कोट
ताबडतोबीची गरज असेल तर ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. नंबर, जागा, वेळ सांगा. महाट्रॅफिक ॲपवर फोटो टाकता येतो. स्कूटर चालवता चालवता मात्र काढू नका, हातात मोबाइल घेऊन चालवणं कलम १८४ मध्ये येतं. फिर्यादीचंच चलन फाटायचं.

नऱ्हेवाली
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, माफ करा.

काल रविवार, वेळ होता. काकांनी सांगितलेलं डोक्यातून जात नव्हतं म्हणून नवऱ्याला घेऊन मंदिराजवळ रस्त्यापासून लांब, उंचावर जाऊन उभी राहिले. नवरा म्हणाला लोक पक्षी बघायला जातात. डोळे मिटून फक्त ऐकायचं ठरवलं. अर्ध्या तासात साठेक मोठ्या गाड्या गेल्या. बहुतेक घूं घूं करत, अगदी काका म्हणाले तशा. अकरा गेल्या त्या गप्प. त्यातल्या दोन इतक्या गप्प की नवऱ्याने हात धरल्यावर मला कळलं गाडी गेली ते.

@सोळाटायर, त्यातली एक सोळा टायर होती. तुमची नसावी.

सोळाटायर
कुठल्या रंगाची होती?